बाबांची अट

पत्र दोन परिच्छेदांचंच होतं. उपनगरातल्या ज्या महिला महाविद्यालयात आत्याने एकतीस वर्षं मराठी शिकवलं, तिथल्या व्यवस्थापनाने निवृत्त शिक्षकांकडून मत मागवलं होतं. पदवीच्या वर्गांना मुलग्यांनाही प्रवेश द्यावा का? कला शाखेची पटसंख्या घसरते आहे, कार्यभार पुरत नाही, मुली शेजारच्या सहशिक्षणाच्या कॉलेजांकडे वळताहेत. पंधरा दिवसांत लेखी कळवावे.

जूनमधला रविवार होता. दोन पाऊस होऊन गेले होते. खाडीकडून वारा आला की आमच्या कांजूरमार्ग पूर्वेला डंपिंगचा वास घरात शिरतो, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या आणि पंखा मोठा केला. आत्या पलंगावर, माझी लेक खाली जमिनीवर, मध्ये चहा. आत्या बहात्तर वर्षांची. लेक सत्तावीसची, इंजिनिअर, कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीत. मला वाटलं होतं, आत्या नको म्हणेल आणि लेक हो म्हणेल. झालं उलटंच, आणि त्या दुपारी जे ऐकलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

"घ्यावेत," आत्या म्हणाली आणि तिने पत्राची घडी घातली. "याच वर्षी घ्यावेत."

"आजी, तू म्हणतेस हे?"

"एकतीस वर्षं तिथे काढली म्हणून म्हणते. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्याला विधवांसाठी आश्रम काढला तो कशासाठी? त्या बायकांना दुसरं दारच नव्हतं म्हणून. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पहिल्या वर्गाला मुली किती, तर पाच. म्हणजे दार काढताना त्यांनी गर्दी बघितली नाही, कोण बाहेर उभं आहे ते बघितलं. आज आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात बघ. पाठीवर डिलिव्हरीच्या पिशव्या घेऊन चढणारी पोरं कोण आहेत? निम्मी आपल्याच आजूबाजूची. बहीण कॉलेजला जाते आणि भाऊ बारावी करून स्कूटरवर बसतो. आता बाहेर कोण उभं आहे?"

"त्यांना अडवलंय कोणी? सगळी मुंबई उघडी आहे त्यांना. ती शिकत नाहीत कारण घरात महिन्याला पैसे लागतात. तुमच्या कॉलेजच्या फाटकाने त्यांचं काही अडलेलं नाही."

हे आत्याला पटलं असावं, कारण ती त्यावर काही बोलली नाही. तिने वेगळीकडून सुरुवात केली.

"बरं. मग आगरकरांचं काय करशील? स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, हे त्यांनी 'सुधारक'मध्ये मांडून सव्वाशे वर्षं उलटली. आणि गंमत बघ, १८९१ मध्ये कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले, पुढच्याच वर्षी आगरकर तिथले प्राचार्य झाले. एकाच कॉलेजच्या एकाच व्हरांड्यातून जाणारी दोन माणसं. दोघांनाही बाई शिकायला हवी होती. एक म्हणाला एकत्र, दुसऱ्याने पुढे वेगळं विद्यापीठ काढलं. मी वर्गात आगरकर शिकवायचे. समोर साठ मुली, एकही मुलगा नाही, आणि मी त्यांना सांगतेय की एकत्र शिकावं. दरवर्षी तो तास घेताना मला अवघडल्यासारखं व्हायचं."

"आगरकर १८९५ मध्ये गेले," लेक म्हणाली. "एकत्र शिकवल्यावर वर्गात काय होतं ते बघायला ते राहिले नाहीत. मी बघितलंय."

मग तिने ते सांगितलं जे मला, तिच्या आईला, तिने कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपला सहा जणांचा गट, त्यात दोन मुली. लेथवर मुलगे. "कोणी वाईट नव्हतं गं. कोणी काही वावगं बोललं नाही. 'तुझं अक्षर छान आहे, तू जर्नल लिही,' एवढंच. मी लिहिलं. पुढच्या सत्रातही लिहिलं. चार वर्षं मी आख्ख्या ग्रुपची जर्नलं लिहिली आणि लेथला हात लावला तो प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी, शिपाईकाकांना विनंती करून. तक्रार कोणाची करायची? कोणी नाही म्हटलंच नव्हतं."

आत्या तिच्याकडे बघत राहिली.

"आणि तूच सांगायचीस ना, तुमच्या गॅदरिंगला स्टेजचे बाक मुलीच उचलायच्या, लाइटवाल्याबरोबर शिडीवर मुलगीच चढायची, हिशेबाची वही मुलीकडे, माइकची वायर तुटली तरी मुलगीच जोडायची? कारण दुसरं कोणी नव्हतंच. ते 'दुसरं कोणी नसणं' हीच त्या कॉलेजची इस्टेट आहे. तुम्ही ती विकायला काढताय."

"त्या शिडीवर चढलेल्या पोरीचं पुढचं सांगू?" आत्याने विचारलं. "काही वर्षांनी मला घाटकोपर स्टेशनवर भेटली. बँकेत लागली होती. म्हणाली, बाई, मिटिंगमध्ये साहेब लोक बोलायला लागले की माझा घसा कोरडा पडतो. मी तिला तीन वर्षं वक्तृत्वाला उभी केली होती. ढालीवर ढाली आणल्या तिने. पण ती बोलली कोणासमोर? आमच्यासमोर. आम्ही टाळ्या वाजवायला बसलेल्याच होतो."

"मी मुलांबरोबर शिकले, आजी. माझाही पडतो."

यानंतर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. सहशिक्षणाने मुली धीट होतात हे आपण इतक्या सहज म्हणतो, मीही म्हणत आले. माझ्या समोर बसलेली मुलगी पाळणाघरापासून कंपनीपर्यंत मुलांबरोबरच वाढली, आणि तिचा घसा कोरडा पडतो हे मला त्या दिवशी कळलं.

लेक पुढे म्हणाली, "दार उघडं ठेवलं की सगळे आत येतात, हे खरं नाही. आपल्या स्टेशनवर उतरून लोक पवईला जातात ना, त्या आयआयटीचं बघ. १९५८ पासून आहे. मुलींना बंदी नव्हती. तरी देशभरातल्या आयआयटींमध्ये शंभरात आठ-दहा मुली. शेवटी २०१८ मध्ये मुलींसाठी जादा जागा काढाव्या लागल्या. आधी चौदा टक्के, मग सतरा, २०२० मध्ये वीस. मुलग्यांची एकही जागा कमी न करता. साठ वर्षं दार उघडंच होतं की."

आत्या हसली. "म्हणजे तुझं म्हणणं लेडीज डब्यासारखं. बाकीची गाडी सुधारेपर्यंत डबा हवा."

"डबा काढून टाका म्हणणारी एक बाई मला संध्याकाळी दादरला शोधून दाखव."

"नाही सापडणार. मीही म्हणणार नाही. पण फरक आहे, पोरी. लेडीज डबा त्याच गाडीला जोडलेला असतो, त्याच रुळांवरून त्याच वेळी सीएसएमटीला पोचतो. आम्हाला ज्या गाडीत बसवलं तिचे रूळच वेगळे होते."

आणि इथून आत्याचा आवाज बदलला. तिचं हे बोलणं जरा लांब आहे, पण सगळा वाद मला त्यातच आहे असं वाटतं, म्हणून कमी करत नाही.

"१९७० मध्ये मी मुरूडजवळच्या आमच्या गावातून इथे दादाकडे आले. दादा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात फिटर. अकरावीला मला गणितात ब्याण्णव गुण होते. गावच्या मास्तरांनी वडिलांना लिहिलं होतं, हिला शास्त्र शाखेला घाला. वडिलांनी दादाला लिहिलं, कॉलेजात घाल, पण फक्त मुलींच्या. तेवढी एकच अट. वडील काही दुष्ट नव्हते. गावातली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी मी. ती अट हा त्यांच्या भीतीला मिळालेला टेकू होता. मग मुलींचं कॉलेज शोधलं. मिळालं. चांगलं होतं, शिकवणाऱ्या बायका जीव लावणाऱ्या होत्या. पण तिथे कला होती, गृहविज्ञान होतं, गणित नव्हतं. मी मराठी घेतलं. पुढे त्यावर पोट भरलं, प्रेमही केलं. पण घरात कोणाचं पोर गणित घेऊन बसलं की मी उठून आत जाते, हे तुम्ही बघितलं असेल."

मी बघितलं होतं. मला वाटायचं, तिला कंटाळा येतो.

"कर्वे जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून भारावले, १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची योजना मांडली. मातृभाषेतून शिक्षण, बाईच्या आयुष्याला उपयोगी विषय. मातृभाषेबद्दल मी त्यांच्या पाया पडेन. पण 'बाईच्या आयुष्याला उपयोगी' हे कोण ठरवणार? हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये निघाली, तेव्हाही टिळकांचा आक्षेप हाच होता की मुलींना मुलांसारखं शिकवून काय करायचंय. कर्वे टिळकांसारखे नव्हते, त्यांना एका ओळीत बसवू नका. पण वेगळं घर बांधलं की वेगळं सामान आपोआप येतं. आमचं कॉलेज एकतीस वर्षं मी बघितलं. आम्ही मुली शिकवल्या, हे खरं. पण आम्ही त्या बापाची अटही पाळत राहिलो. तो म्हणाला फक्त मुलींचं, आम्ही म्हटलं, हो, या, आमच्याकडे तसंच आहे. एकाही बापाला आम्ही म्हटलं नाही की तुमची अट चुकीची आहे. म्हणून म्हणते, मुलगे येऊ देत. अटच मोडून जाईल."

लेक उठून आत्याच्या शेजारी पलंगावर बसली. तिने उत्तर दिलं ते हळू आवाजात.

"आजी, तुझं गणित मुलगे नव्हते म्हणून गेलं नाही. गणित नव्हतं म्हणून गेलं."

आत्याने मान वर केली.

"पुण्यात कर्वेनगर आहे. तिथे कर्व्यांच्याच संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, कमिन्स. आज तिथे प्रवेश मिळवायला भरपूर गुण लागतात. माझ्याबरोबर कंपनीत लागलेली एक मुलगी तिथली आहे. चार वर्षं तिने लेथ चालवला, कारण दुसरं कोण चालवणार? एसएनडीटीनेही १९९७ मध्ये जुहूला मुलींचं तंत्रज्ञानाचं कॉलेज काढलं. तिथले बाक रिकामे आहेत म्हणून कोणी पत्र पाठवत नाही. तुमच्या कॉलेजातल्या मुली पळताहेत त्या मुलग्यांच्या मागे नाही. त्या विषयांच्या मागे चालल्यात. मग विषय आणायचे सोडून मुलगे कशाला आणता?"

मला हे त्या दुपारचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं, आणि माझं मत इथेच ठरलं. पटसंख्या घसरली की व्यवस्थापनं हाच उपाय काढतात, कारण तो स्वस्त असतो. नवी प्रयोगशाळा उभारायला पैसा लागतो, नवीन विषयाला मंजुरी आणायला मंत्रालयाच्या खेपा घालाव्या लागतात. मुलग्यांना प्रवेश द्यायला एक ठराव आणि जादा स्वच्छतागृह पुरतं. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले, आईचं नाव द्यावं एवढं सांगून. तेव्हाचे पंधरा लाख. त्या काळात मुलींच्या शिक्षणासाठी एवढा पैसा उभा राहू शकला, तर आज एका उपनगरातल्या कॉलेजला संगणकाची प्रयोगशाळा का परवडू नये, हे मला खरंच कळत नाही.

आत्या मात्र इतक्यात हरणारी नव्हती. "जग काय करतंय?" असं तिने विचारलं, आणि लेकीने प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगितल्या. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजने १९९० मध्ये पदवीला मुलगे घ्यायचं ठरवलं तेव्हा मुलींनी कॉलेज बंद पाडलं. जवळजवळ दोन आठवडे. विश्वस्तांना ठराव मागे घ्यावा लागला. मग बत्तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, पैशाअभावी ते कॉलेज दुसऱ्या विद्यापीठात विलीन झालं आणि मुलगे आलेच.

"बघ."

"बघ काय? बत्तीस वर्षांच्या मुली शिकून गेल्या ना मधल्या काळात."

"आणि मिसिसिपीचं?" आत्या हे कुठून वाचून होती देव जाणे. तिथल्या सरकारी महिला विद्यापीठात एका पुरुषाला नर्सिंग शिकायचं होतं, त्याला नाही म्हणाले. त्याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये तो जिंकला. निकाल लिहिला सँड्रा डे ओकॉनर यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायमूर्तींनी. फक्त बायकांनाच नर्सिंगला घेतलं, तर नर्सिंग हे बायकांचंच काम ही समजूत तुम्हीच पक्की करता, असं त्यांचं म्हणणं. "हे मला पटतं," आत्या म्हणाली. "आमच्या गृहविज्ञानाच्या वर्गात चार मुलगे स्वयंपाकाचं पोषणमूल्य शिकले असते, तर पुढे चार घरांत काही फरक पडला असता की नाही?"

"पडला असता," लेक म्हणाली. तिने हे मान्य केलं तेव्हा मला बरं वाटलं. आपल्याकडे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात स्त्रियांसाठी खास सोयी करायला मोकळीक आहे, त्यामुळे कायद्याने कोणी असं कॉलेज बंद पाडेल अशी भीती नाही. पण कायदा परवानगी देतो म्हणून प्रश्न संपत नाही. घरात भाकरी थापणारा मुलगा कुठे शिकून येणार, हा आत्याचा प्रश्न मला मोठाच वाटतो. फक्त त्याचं उत्तर शोधायची जबाबदारी पुन्हा मुलींच्याच कॉलेजवर का टाकायची? ज्या शेकडो कॉलेजांत मुलगे आधीच बसलेले आहेत, त्यांतल्या किती ठिकाणी गृहविज्ञानाचा एक तरी तास होतो?

"आणि त्या बापाचं काय?" आत्याने विचारलं. "त्याची अट अशीच जपत बसायची?"

"त्याच्याशी भांडायचं. पण भांडण तिसऱ्या वर्षी, मुलगी पदवीच्या उंबरठ्यावर असताना. पहिल्या वर्षी भांडलं तर तो तिला घरी बसवेल. तू भांडली असतीस १९७० मध्ये?"

"नाही. गावी परत गेले असते."

"मग?"

आत्याने उत्तर दिलं नाही. तिने पत्र पुन्हा उघडलं, उलट्या बाजूला पेन्सिलीने काही लिहायला लागली. इमारत दुपारी एकनंतर रिकामी असते, एवढं ती पुटपुटली. मुंबईत रात्रमहाविद्यालयांची जुनी परंपरा आहे, नोकरी करून शिकणारे त्यातून पदवीधर झालेत. सकाळी मुलींचं कॉलेज तसंच ठेवून संध्याकाळी त्याच इमारतीत स्कूटरवाल्या पोरांसाठी वर्ग काढता येतील का? लेक म्हणाली, "इमारत दे, पण प्राचार्य बाईच हवी आणि ग्रंथालयाची किल्ली मुलींकडे." आत्या म्हणाली, "किल्ली ग्रंथपालाकडेच असते." यावरून दोघींचं थोडं वाजलं. त्यातलं सगळं मी लिहीत नाही. संध्याकाळच्या वर्गांना लागणारे शिक्षक, त्यांचे पगार, यातलं आम्हा तिघींनाही फारसं कळत नव्हतं.

पाचच्या सुमारास वरच्या मजल्यावरची मुलगी प्रवेशअर्ज भरून घ्यायला आली. बारावी वाणिज्य, एकोणसत्तर टक्के. वडील भांडुपला वॉचमन, आई दोन घरी स्वयंपाक करते. आमच्याकडे दरवर्षी असा एखादा अर्ज येतो, कारण आत्याला सगळे रकाने पाठ आहेत. मी म्हटलं, अगं, इतका वेळ आपण जिच्याबद्दल बोलतोय तिलाच विचारा की.

आत्याने तिला समोर बसवलं. चष्म्यातून बघत विचारलं, "तुला मुलींच्या कॉलेजात जायचं की सगळ्यांच्या? घरी काय म्हणतात?"

मुलगी गोंधळली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाबा म्हणतात मुलींच्याच."

"आणि तू?"

"मला..." ती थांबली. "कॉलेज सकाळचं आहे का? साडेअकराला सुटलं पाहिजे. आई बाराला कामाला जाते, धाकट्याला बघायला घरी कोणी नसतं. घाटकोपर दोनच स्टेशनं आहे, पण इथे फक्त स्लो थांबतात, साडेअकराला सुटलं तरच बाराच्या आत घरी येता येतं. बीएससी आयटीचं विचारलं होतं मी एका ठिकाणी, ते साडेदहाला सुरू होतं."

"मुलगे असले तर चालेल तुला?" लेकीने विचारलं.

"चालेल की," ती म्हणाली, जणू तिला कोणी हे कधी विचारलंच नव्हतं. मग घाईने म्हणाली, "पण बाबांना सांगू नका."

आत्याने तिचा अर्ज बाजूला ठेवला आणि पेन्सिल उचलली. व्यवस्थापनाच्या पत्रामागे तिने आधीच तीन ओळी लिहिल्या होत्या, त्या तिने मोठ्याने वाचल्या. मुलग्यांचा प्रश्न पुढच्या वर्षी घ्यावा. यंदा गणित आणि संगणकाचा विषय सुरू करावा. त्यासाठी निवृत्त शिक्षक म्हणून मी माझं एका महिन्याचं निवृत्तिवेतन देते. मग तिने चौथी ओळ लिहिली, सकाळच्या तुकडीची वेळ साडेअकरापलीकडे जाऊ देऊ नये, आणि लेकीकडे कागद दिला. "टाइप करून दे. आणि तारीख आजची घाल."

लेकीने कागद वाचला. "'मुलग्यांचा प्रश्न पुढच्या वर्षी घ्यावा' हे मी खोडणार."

"खोडू नकोस. पुढच्या वर्षी मी पुन्हा लिहीन."

"तेव्हा मीही लिहीन."

"लिही," आत्या म्हणाली आणि मुलीचा अर्ज पुढे ओढला. "आता आधी हिचं. आईचं नाव सांग, बाळा. पूर्ण."